उशांचं माप

सध्या आमच्या बाबांच्या हातातली टेप सुटत नाही. ते घोडबंदरला ट्रकच्या मालाचं बुकिंग करतात. पुढच्या महिन्यापासून भाडं वजनावर नाही, माल किती जागा अडवतो त्यावर लागणार, म्हणून त्यांचा सराव चालू आहे. रविवारी टेपचं दुसरं टोक धरायला मला गोदामात नेलं.

तेवढ्यात जयंतीभाई आले. ते उशा पाठवतात. बाबांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांचा गठ्ठा मोजला, तर नव्या मापाने भाडं दुप्पट निघालं.

"अरे, इसमें है क्या? रुई और हवा."

"हवाच तर जागा खाते, जयंतीभाई."

"फिर मैं दूसरा ट्रान्सपोर्ट देखता हूँ."

बाबांचा चेहरा उतरला. जयंतीभाई दारापर्यंत गेले, वळले आणि सरळ उशांच्या गठ्ठ्यावर चढून बसले. गठ्ठा निम्मा झाला.

"अब नापो."

मी फारशी बोलत नाही, पण राहवलं नाही. "काका, तुम्ही उतरलात की तो परत फुगेल. नागपूरपर्यंत असेच बसून जाणार का?"

त्यांनी गंभीरपणे विचार केला. मग बाबांना विचारलं, "नये रूल में वजन का भाडा नहीं है ना?"

"नाही."

"तो बैठा हूँ. चाय मंगाओ."