फोडाची जन्मतारीख

...आणि डॉक्टरीणबाई वर तोंड करून म्हणतात काय, तर तारीख सांगता येत नाही! अहो, येत नाही म्हणजे काय? तुम्हाला सांगतो, मी बिस्किटांच्या कारखान्यात कामाला, पुड्यांवर तारीख छापायच्या मशीनवर, निम्मं आयुष्य तिथंच गेलं! पुडा माझ्यासमोरून सरकला की ठप्प! कधी बनला, कुठल्या पाळीत बनला, कधीपर्यंत खायचा, सगळं पाठीवर. उद्या बिस्किटात केस निघाला तर आम्ही पाळी शोधून माणूस हजर करतो, आणि तो टकला निघाला तर त्याच्या शेजारच्याला. म्हणजे एवढ्याशा बिस्किटाला जन्मतारीख आहे, आणि माझ्या ओठावरच्या फोडाला नाही!

झालं काय, कारखान्यानं नवीन मशीन घेतलं आणि ते शिकायला मला धाडलं परगावी, दहा दिवस. उन्हात पायपीट, झोपेचं खोबरं, शेवटी शेवटी अंगात कणकण, आणि परतीच्या दिवशी ओठाच्या कोपऱ्यात बारीक बारीक फोडांचा घोसच्या घोस! म्हटलं, उष्णता असेल. घरी आलो, बेल वाजवली, बायकोनं दार उघडलं... बॅगेकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही, नजर थेट ओठावर. "हे काय?" म्हटलं, "उष्णता." आत मेहुणा बसलेला. हिचा धाकटा भाऊ, विमा विकतो, त्यामुळं वाईट बातमी गोड आवाजात सांगायची त्याला सवयच. त्यानं फोन काढला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "भाऊजी, ह्याला हर्पिस म्हणतात बरं का. चुंबनानं पसरतो." आणि चहा प्यायला! फुर्र करून!

बायको भांडली असती तर बरं झालं असतं हो! दुसऱ्या दिवशी माझा टॉवेल वेगळ्या खुंटीवर, कप वेगळ्या फळीवर, आणि मी त्या कपासारखाच कोपऱ्यात. मग मीच शहाणा, छाती पुढं काढून म्हणालो, रक्त तपासतो! होऊन जाऊ दे दूध का दूध!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, मला बघूनच कळतंय. साधा ओठावरचा हर्पिस आहे, जाईल आठ-दहा दिवसांत. रक्त कशाला?" म्हटलं, "तारखेसाठी." त्या म्हणाल्या, "रक्तावरून तारीख सांगता येत नाही." मला वाटलं, बाई उगाच बोलायचं म्हणून बोलताहेत. हट्टानं केली तपासणी. आणि आली पॉझिटिव्ह!

"अँटीबॉडी आहेत," बाई म्हणाल्या. "म्हणजे हा विषाणू कधीतरी तुमच्या अंगात शिरलाय, एवढंच." म्हटलं, "कधीतरी म्हणजे कधी?" "गेल्या वर्षी असेल, तुम्ही चार वर्षांचे असताना असेल. बहुतेकांना लहानपणीच होतो, कुणीतरी पापा घेतलेला असतो. मग तो झोपून राहतो आणि ताप, ऊन, जागरण झालं की उठतो." म्हटलं, "पण मेहुणा म्हणतो, आयजीएम नावाची तपासणी असते, तिच्यात नवं-जुनं कळतं." "नाही कळत. जुना उठला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून मी करतच नाही."

माझं तोंड बघून त्यांना दया आली असावी. म्हणाल्या, "हे बघा, नवी लागण असती तर ह्या अँटीबॉडी दिसायला काही आठवडे जातात, कधी कधी तीन-चार महिने. तुमच्या आत्ताच एवढ्या ठळक दिसताहेत, म्हणजे हे बहुधा प्रवासाच्या आधीचंच. जुनं."

जुनं! तुम्हाला सांगतो, मी रिक्षाची वाट न बघता पळत घरी आलो, चपला कुठं काढल्या ठाऊक नाही, ओरडलोच, "अगं, जुनं आहे! ह्या दहा दिवसांतलं नाहीच ते, फार पूर्वीचं आहे!" तिनं गॅस बारीक केला, माझ्याकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "असं! म्हणजे फार पूर्वीपासून चाललंय."

आता काय करता?

आईला फोन लावला, हिला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर. आई म्हणाली, "फोड? तुझ्या थोरल्या काकांना यायचे की ओठावर! आणि मांडीवर घेऊन तुझे पापे घ्यायचे, गाल ओले व्हायचे तुझे!" म्हटलं, "आई, कधी? साल सांग!" "साल? तुझा दात पडला होता बघ तेव्हा... का आला होता?" घ्या! जिनं जन्म दिला तिलाही तारीख सांगता येत नाही! बायको म्हणाली, "आई तुमच्या, काका वारलेले. साक्षीदार चांगले गाठलेत."

आणि मग म्हणाली, "माझंही रक्त तपासा. इतक्या वर्षांत माझ्या ओठावर टाचणीएवढा फोड नाही. माझं स्वच्छ येऊ दे, मग बोलू." बोलू म्हणजे काय ते मला कळलं, कारण कपाटावरची मोठी बॅग खाली काढून ठेवलेली होती. हसू नका हो... भीती वाटली मला. ह्या बाईवाचून मला माझे मोजेसुद्धा सापडत नाहीत, आणि तिला माझ्यावर विश्वास नाही, ह्या विचारानं रात्री दोनदा उठून बॅग अजून रिकामीच आहे ना ते बघून आलो.

तिचा रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यात काय, बऱ्याच जणांचा येतो. कित्येकांना जन्मात एक फोडही येत नाही." पण हिचा चेहरा पांढराफटक. "अहो," म्हणाली, "मी कधी... शपथ घेते, मला काहीच..." आणि इतक्या दिवसांनी तिनं माझा हात धरला. घट्ट! तुम्हाला सांगतो, मला काहीही करायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं. "वेडे, लहानपणीचं असेल," एवढं म्हणायचं होतं. सगळी उत्तरं पाठ होती हो माझी, मीच तर घरभर ओरडत फिरत होतो! पण निम्मं आयुष्य त्या मशीनवर... वस्तू समोर आली की हात आपोआप चालतो, तसं तोंड चाललं. ठप्प!

"कधीपासून?"

हात सुटला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि छताकडे बघितलं. आणि बायको, जिला मी इतके दिवस समजावत होतो आणि जिला ते पटत नव्हतं, ती उठून उभी राहिली आणि थंडपणे म्हणाली, "तारीख सांगता येत नाही."

आता फोड गेला, खूणही राहिली नाही. बॅग वर गेली, टॉवेल एका खुंटीवर आले. तिला कळलंय, मलाही कळलंय, कुणाचं काहीच नाही. पण बाईंनी सांगितलंय, विषाणू जात नाही, अंगातच राहतो, आणि ध्यानीमनी नसताना वर येतो. माझा तो प्रश्नही तसाच. परवा जेवताना सहज म्हणून गेलो, "भाजीत मीठ कमी झालंय गं." तिनं वाढता वाढता वर बघितलं आणि म्हणाली, "कधीपासून?"

खाल्ली तशीच. अळणी.