चार दिवसांचं चोळणं

क्ष-किरण खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या शिंपिणीच्या कानावर क्ष-किरण फोटो हातात घेऊन डॉक्टरांसाठी थांबलेल्या शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडत होतं.

“हाडांच्या पेशींवर दोन वर्षं घातली मी, बाबा. आणि तुमचं मोडलेलं मनगट मुरगळलंय समजून चार दिवस तेल लावून चोळत बसले.”

“बरं वाटायचं गं.”

“सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर असतं, तर लगेच ओळखलं असतं.”

“भिंतीवर थापी चालवता येईल ना पुन्हा?”

“पेशी आधी घाईघाईत वेडंवाकडं हाड रचतात. मग दुसऱ्या पेशी ते कुरतडतात आणि पुन्हा नीट रचलं जातं.”

“माझ्या हाताखालचे गवंडी असते, तर पहिल्याच दिवशी हाकलले असते.”

“पण मी चोळून त्यांचं किती बिघडवलं, कोण जाणे. डॉक्टरांना सांगावंच लागेल.”

“सांग की. पण काय शिकतेस, असं विचारलं तर?”

“इतिहास म्हणेन.”