स्वखुशीने रद्द

(दुपार. तिकिटं काढून देणाऱ्या एजंटचं एका खोलीचं दुकान. टेबलावर एक सही केलेला कागद. शिलाईकाम करणाऱ्या मावशींच्या पायाशी प्रवासाची बॅग.)

एजंट : सही तुमचीच ना ही, मावशी?

मावशी : माझीच. जरा वाकडी आलीय, पण माझीच.

एजंट : मग संपलंच सगळं. वर काय छापलंय ते वाचलंत का? ‘प्रवास स्वखुशीने रद्द.’

मावशी : चष्मा बॅगेत, आणि बॅग विमानतळावर आत गेलेली. पुढच्या खिडकीवर कोरोनाचा रिपोर्ट पाहिला नि म्हणाले, हा चालत नाही, जाता येणार नाही. खिडकीवरची ती मुलगी म्हणाली, इथे सही करा म्हणजे बॅग परत मिळेल. मागे ही एवढी रांग. एक बाई तान्हं घेऊन ताटकळत होती. म्हटलं, आपल्यापायी कुणाचा खोळंबा नको.

एजंट : अहो, तिने ‘नियम बदलल्यामुळे प्रवास नाकारला’ असा कागद द्यायला हवा होता! तो असता तर पैन् पै परत. तुमचा हक्कच आहे तो. अडून बसायचं, आरडाओरडा करायचा!

मावशी : मला ओरडता नाही येत रे.

एजंट : चार दिवस फोन लावतोय विमान कंपनीला. आज एकजण बोलला. म्हणे, बाई राजीखुशीने परत गेल्या, आमचा काय संबंध?

मावशी : राजीखुशीने म्हणे! पण रिपोर्ट तर चांगला होता माझा. काहीच निघालं नव्हतं.

एजंट : चांगलाच होता, पण तो झटपट तपासणीचा. आदल्या दिवसापर्यंत चालत होता. मध्यरात्रीपासून प्रयोगशाळेचाच हवा, असा नियम तुमचा भाऊ राहतो तिकडच्या सरकारने काढला.

मावशी : मध्यरात्री? तेव्हा कोण वाचायला जागं असतं?

एजंट : मावशी... एक सांगतो. मग शिव्या घाला हवं तर.

मावशी : त्याही येत नाहीत. सांग.

एजंट : नियम बदलल्याचा मला निरोप आला होता. आदल्या संध्याकाळी, साडेआठला. फोन हातात घेतला, तुमचा नंबर काढला. मग आठवलं, तुम्ही आठला दिवा मालवता. पहाटे उठायचंय, कशाला झोपमोड करायची? आधी काढलेल्या रिपोर्टांना एखाद दिवसाची सवलत देतात नेहमी. याही वेळी देतील, असं धरून चाललो.

मावशी : जागी होते मी. नाड्या लावत होते.

एजंट : कसल्या नाड्या?

मावशी : भावाच्या सदऱ्यांना. बटण धरवत नाही आता त्याच्या बोटांना. आठ सदरे शिवलेत, पुढून नाडीचे. जन्मभर लोकांची काजं-बटणं केली, त्याच्यासाठी पहिल्यांदाच बिनबटणाचं शिवलं. ते होते ना बॅगेत. म्हणून तर सही केली.

एजंट : माझ्या कानाखाली वाजवा, मावशी. खरंच.

मावशी : तुला एकट्याला का? तू माझी झोप सांभाळलीस, मी त्या बाईची रांग सांभाळली. दोघांनी मिळून भावाचे उरलेले दिवस घालवले.

एजंट : कंपनी एक कुपन देतेय, उपकार केल्यासारखं. अर्ध्या किमतीचं. पुढच्या महिन्यापासून वर्षभर चालेल.

मावशी : वर्षभर मीही चालेन रे. डॉक्टरांनी त्याला रविवारपर्यंत धरलंय.

एजंट : शनिवारी एक जागा आहे. भाडं दुप्पट. पैसे परत आले असते ना, तर वरचे मी कुठूनही उभे केले असते. आता सगळेच कुठून आणू? महिनाभर या दारातून तुमच्याशिवाय कुणी आलेलं नाही. तुम्ही बसलाय ती खुर्चीसुद्धा विकायला काढलीय.

मावशी : खुर्ची राहू दे. माझं चांगलं मशीन त्या तिकिटात गेलं. उरलंय ते पायाचं, त्याला कोण काय देणार?

एजंट : ग्राहक मंचात तक्रार टाकतो. सही कशी करून घेतली, सगळं लिहू. जिंकूसुद्धा.

मावशी : कधी?

एजंट : ...उत्तर द्यायलाच त्यांना पंचेचाळीस दिवस असतात.

मावशी : टाक. ती मुलगी पुढच्या माणसाला तरी कागद वाचून दाखवेल.

एजंट : इथे एक रकाना आहे. ‘प्रवास न झाल्याने झालेलं नुकसान.’ काय लिहू?

मावशी : तिकिटाची रक्कम लिही.

एजंट : तेवढीच?

मावशी : एवढाच तर रकाना आहे.

एजंट : भावाला काय सांगितलंत?

मावशी : काहीच नाही. वहिनी फोन त्याच्या कानाशी धरते, मी रोज म्हणते, निघालेय. सकाळी ती सांगत होती, कूस बदलायला गेलं तर बदलू देत नाही. दाराकडे तोंड करून निजलाय.