साठ जाकिटं आणि तीन दरपत्रकं

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी, आणि ऐका! आज एकच गोष्ट विचारतो — माणसानं भ्यावं कुणाला?

देवाला! बरोबर. पुढं बसलेले सरपंच मान हलवतायत. हलवा, हलवा! पण खरं सांगा, सकाळी कामाला निघताना पोटात गोळा येतो तो कुणाच्या नावानं? देवाच्या? छे! देव कधी बेल वाजवून आत बोलवत नाही. साहेब बोलवतो!

तर असेच एक साहेबाला भिणारे गृहस्थ होते. हणमंत शेडगे. पंचायत समितीत खरेदीचं टेबल सांभाळायचे, म्हणून सगळे त्यांना शेडगे भाऊसाहेब म्हणत. माणूस लबाड नव्हता बरं! कुणाचा चहासुद्धा फुकट घेत नसे. फक्त भित्रा.

त्या तालुक्यात धरणाचं पाणी आडवं पसरलेलं. पाण्याच्या पलीकडं पल्याडवाडी, अलीकडं शाळा. पोरं रोज होडीतून ये-जा करायची. जानेवारीत वाडीचा अर्ज आला — होडीतल्या पोरांसाठी तरंगायची जाकिटं द्या, साठ नग. भाऊसाहेबांनी अर्ज फायलीला लावला, फाइल गठ्ठ्यात ठेवली, आणि — विसरले! हसू नका. तुमच्या घरात किती गठ्ठे आहेत ते मला ठाऊक आहे.

जूनमध्ये शाळा उघडायची वेळ आली तेव्हा फाइल सापडली. आता खरेदी कशी करायची? मोठी खरेदी असली की खुली निविदा काढायची. जाहिरात द्यायची, कुणीही भाग घ्यावा, नमुने मागवायचे, तपासायचे. त्याला वेळ लागतो. घाई असेल तर कमी मुदतीची निविदाही निघते, पण त्यासाठी साहेबांपुढं उभं राहून सांगावं लागतं की उशीर का झाला. आणि खरेदी लहान असली तर तीन दुकानांची दरपत्रकं घ्यायची, कमी दराचं निवडायचं, झालं.

साठ जाकिटं लहान खरेदीत बसत नव्हती. भाऊसाहेबांनी काय केलं? साठाचे केले तीन तुकडे! वीस वरच्या आळीला, वीस खालच्या आळीला, वीस शाळेला. तीन मागण्या, तीन वेगळे कागद. प्रत्येक कागद मर्यादेच्या आत. आणि दरपत्रकं? बाजारातल्या रतनशेठला सांगितलं, "शेठ, तुमचं द्या, आणि सोबत दोन तुम्हीच आणा."

सगळीकडं असंच चालतं की! रतनशेठनं एक मेव्हण्याच्या नावानं आणलं, एक बायकोच्या. शेठचा दर सगळ्यांत कमी. असणारच! मेव्हण्याचा दर शेठनंच लिहिलेला.

साहेबांनी विचारलं, "नियमात आहे ना?"

"आहे साहेब. तिन्ही मर्यादेत आहेत."

सही झाली. भाऊसाहेबांचा जीव भांड्यात पडला. जाकिटं आली, केशरी रंगाची, पट्टे लावलेली, बघतच राहावं अशी. पोरांनी घातली, फोटो निघाला.

पंधरा दिवसांनी तपासणीवाल्यांचा कागद आला. त्यात एक ओळ — नमुना तपासला काय? आता "होय" लिहायचं तर एकदा तरी तपासायला नको? म्हटलं ना, माणूस लबाड नव्हता. आळीच्या वाट्याचं एक जाकीट कपाटावर उरलं होतं. ते घेऊन दुपारी भाऊसाहेब कचेरीमागच्या हौदावर गेले आणि पाण्यात टाकलं. तरंगलं! छान तरंगलं. खूश होऊन ते चहाला गेले.

चहा पिऊन आले. हौदात जाकीट नाही.

इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुणी नेलं म्हणावं? मग वाकून पाहिलं, मंडळी. जाकीट तळाला बसलं होतं. वर ओढलं तर मणभर जड. शिवण उसवली. आत गादीतला स्पंज! थोडा वेळ तरंगायचा, पाणी प्यायचा, आणि घालणाऱ्याला घेऊन खाली जायचा.

भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं. साडेचार. शाळा सुटली होती, आणि बाहेर वारा सुटला होता.

होडीच्या धक्क्यावर मोबाइल लागत नाही. त्यांनी फटफटी काढली आणि सुटले. तुम्ही म्हणाल, त्यांची पोरगी असेल त्या होडीत! नाही हो. कुणी नव्हतं त्यांचं त्या होडीत. एकाही पोराचं नाव त्यांना माहीत नव्हतं. तरी खड्डा बघत नव्हते की वळण.

धक्क्यावर पोचले तर होडी मधोमध. बावीस पोरं, बावीस केशरी ठिपके. लाटा होडीच्या काठावरून आत येत होत्या. पलीकडं जाणं जमेना म्हणून नावाडी कोंडिबा ढेबेनं होडी माघारी वळवली होती, आणि ती एकदा या अंगाला कलत होती, एकदा त्या.

भाऊसाहेबांनी ओरडायला तोंड उघडलं — आणि मिटलं. काय ओरडणार? जाकिटं खोटी आहेत? पोरं भिऊन उभी राहिली तर होडी तिथंच उलटायची! सांगावं तर मरण, न सांगावं तरी मरण. ते गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि होडीकडं बघत राहिले. साहेबापुढं उभं राहायची भीती वाटली होती ना? ती किती बारकी होती, ते तिथं कळलं त्यांना.

अर्धा तास लागला. होडी धक्क्याला टेकली. त्यांनी एकेक पोर हाताला धरून उतरवलं, एकेकाच्या अंगातलं जाकीट काढलं. भिजून जड झाली होती सगळी. मग कोंडिबाला म्हणाले, "अरे, असल्या वाऱ्यात होडी घातलीस कशी?"

कोंडिबा वल्हं ठेवत म्हणाला, "भाऊसाहेब, आजवर वाऱ्यात कधी घातली नाही. पोरं शाळेतच मुक्कामाला ठेवायचो. आता तुमची जाकिटं आली, म्हणून घातली."

भाऊसाहेब तिथंच खाली बसले आणि रडले.

दुसऱ्या दिवशी न बोलावता साहेबांपुढं गेले. सगळं सांगितलं — जानेवारीचा अर्ज, तीन तुकडे, शेठची तीन पत्रकं. त्यांची वेतनवाढ बंद झाली, चौकशी लागली. नवी निविदा निघाली, खुली. आणि आलेला प्रत्येक नमुना सकाळपासून संध्याकाळपर्यंत हौदात ठेवला. भाऊसाहेब हौदाच्या काठावर बसून होते, जेवायलासुद्धा उठले नाहीत.

मंडळी, एक कागद तरी नियमाबाहेर होता का? प्रत्येक कागद मर्यादेत! मर्यादेबाहेर होती ती फक्त पोरं.

आता मागं वळून बघू नका, तुमच्याशीच बोलतोय. शाळेच्या समितीवर तुम्ही आहात. पाण्याच्या योजनेवर तुम्ही आहात. देवळाच्या जत्रेचा पाळणा ठरवणारेही इथंच मांडी घालून बसलेत! उद्या तुमच्यापुढं कागद येईल. कुणीतरी म्हणेल, तुकडे करू, लवकर होईल, सगळेच करतात. तेव्हा विचारा — या कागदावर विसंबून कोण पाण्यात उतरणार आहे? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.

आता नाम घ्या. मोठ्यानं नको. ज्यानं त्यानं आपल्या सहीकडं बघत, मनात घ्या.