हातगुण

सन्माननीय अध्यक्ष दिनकररावजी, पिंगळीहून आलेले प्रमुख पाहुणे, सहकारी शिक्षक, विद्यार्थी, गावकरी बंधुभगिनींनो, आणि सतरंजी संपते तिथं, कर्ण्याखाली बसलेली माझी माय, लक्ष्मीबाई,

या तांत्रिक शाळेतून मी आज निवृत्त होतोय. शाल मिळाली, नारळ मिळाला. शाल पांघरताना अध्यक्षसाहेब म्हणाले, "नागनाथ सरांचा हातगुणच लय चांगला!" टाळ्या झाल्या. मी मात्र त्या एका शब्दापाशी अडकलोय.

मुलांना मी नेहमी सांगत आलो. घरच्या घरी इंजिनाचं हेड उतरवून हवेच्या वाटा कानशीनं रुंद करायच्या, तर खुशाल करा, ताकद वाढते. पण तेलाच्या वाटेकडची भिंत जपा, घासलेला कीस रॉकेलनं धुवा, आणि हेड बसतं त्या जोडाच्या तोंडावर काही म्हणजे काही ठेवू नका. केससुद्धा नको, नाहीतर तेल गळणारच. हा शेवटचा धडा मी कुठं शिकलो? अध्यक्षांच्या आखाड्यावर, त्यांच्या शेतातल्या गोठ्यापाशी!

नामांतराच्या ठरावाचं ते साल. आमच्या वस्तीशी गावात कुणी धड बोलत नव्हतं. तरी विहिरीवरच्या इंजिनासाठी मला बोलावणं आलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. विटाळही नसतो. पूजेपुरता मात्र असतो.

वाटा घासल्या, धुतल्या, जोड पुसून लख्ख केला. तेवढ्यात खंडेनवमीची पूजा निघाली. दिनकरराव म्हणाले, "नागनाथ, तू जरा बांधाकडं हो." झालो. मुहूर्त टळू नये म्हणून गॅस्केट आणि हेड त्यांनीच ठेवलं. मला हाक आली ती नट आवळायला.

संध्याकाळी इंजिनाच्या अंगावरून तेलाचे ओघळ! हेड उचललं, तर खाली हळदीच्या अक्षता, तेलात भिजलेल्या. त्यांनी पाहिल्या, मी पाहिल्या. हळूच म्हणाले, "गप ऱ्हा. मायनं वाहिल्यात. तिला कळलं तर जिवाला लावून घेईल."

त्यांच्या मातोश्री पार्वतीबाई खरंच हळव्या होत्या. मी गप राहिलो. आपण राहिलात का, साहेब? इंजिन कशानं गळालं, असं पारावर लोकांनी विचारलं, तेव्हा म्हणालात, "काय सांगावं, हातगुण एकेकाचा."

माझं काय, मला नोकरी होती. माझी माय सुईण. या मांडवातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली, अध्यक्षांची लेकरंसुद्धा. त्या दिवाळीपासून तिला बाळंतपणाची हाक बंद झाली. "त्या घरचा हातच वंगाळ हाय." गावात कुणाला कळा सुरू झाल्याचं कानावर आलं, की ती हात धुऊन उंबऱ्यावर बसायची. मी म्हणायचो, "माय, आत ये, कुणी येत न्हाई." ती म्हणायची, "थांब की. अडलं तर येतील." आलं नाही कुणी. मला आजही त्याचा संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

पार्वतीबाई आता नाहीत. जिवाला लावून घेणारं त्या घरात कुणी उरलं नाही. माझी माय आहे. तिला कमी ऐकू येतं, म्हणून मुद्दाम कर्ण्याखाली बसवलंय.

या सत्काराबद्दल मी सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आता अध्यक्षीय समारोप आहे. साहेब, बाकी काही नाही बोललात तरी चालेल. माईक जवळ घ्या आणि एवढंच सांगा, की तेल अक्षतांनी गळालं. मायला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.