परिशिष्ट तीन

मुलगी : बाबा, नुसतं हं हं करू नका. या करारातून सुटायला फट आहे की नाही?

प्राध्यापक : नाही. काय मसुदा केलाय, वा!

मुलगी : वा काय? सोमवारपर्यंत दुकानाची पाटी उतरवा म्हणून नोटीस आलीय मला!

प्राध्यापक : अगं, भाषा तर बघ. ‘फ्रँचायझी सोडल्यावर तीन वर्षे, परिशिष्ट तीनमध्ये दिलेल्या परिसरात केकचे दुकान काढणार नाही.’ मुंगीसुद्धा शिरायची नाही यातून.

मुलगी : म्हणजे मी माझे केक भाजायचेच नाहीत? कंपनीचे ते लाकडासारखे केक खाऊन गिऱ्हाइकं पळाली, म्हणून तर सोडली फ्रँचायझी!

प्राध्यापक : थांब जरा. हे कलम ओळखीचं वाटतंय. वरच्या फळीवरचं ते निळं पुस्तक काढ.

मुलगी : तुमचं? बापरे, केवढी धूळ!

प्राध्यापक : पान दोनशे बारा.

मुलगी : अय्या! शब्दन् शब्द तोच! बाबा, माझा गळा तुम्हीच आवळलात की!

प्राध्यापक : मी नमुना दिला होता गं. तीस वर्षं हाच विषय शिकवला. माझेच विद्यार्थी कंपन्यांचे वकील झाले.

मुलगी : धन्य आहे!

प्राध्यापक : सही करायच्या आधी मला का नाही दाखवलास?

मुलगी : तुम्ही नको म्हणाला असता.

प्राध्यापक : म्हणालो असतो.

मुलगी : मग दुकान झालंच नसतं. तुम्हाला प्रत्येक कागदात खड्डाच दिसतो, बाबा. मला एकदा तरी तुम्हाला न विचारता काहीतरी करायचं होतं.

प्राध्यापक : …परिशिष्ट तीन वाच.

मुलगी : विषय बदलू नका.

प्राध्यापक : वाच तर. करारातलं. शेवटचं पान.

मुलगी : ‘परिशिष्ट तीन : परिसराचे वर्णन. हे परिशिष्ट विद्यार्थ्यांनी… स्वतः तयार करावे.’ ऑं?

प्राध्यापक : गाढव! माझा गृहपाठसुद्धा उतरवून काढलाय!

मुलगी : आणि मी त्याखाली सही केलीय!

प्राध्यापक : तू पण गाढवच. पण परिसरच लिहिलेला नाही, तर बंदी कुठली? आत्ताच्या आत्ता उत्तर लिहितो. पाटीला हात लावू देत नाही कुणाला.

मुलगी : बाबा, खरंच? अहो, रडू येतंय मला.

प्राध्यापक : रडू नकोस, कागद भिजेल. सोमवारी दुकान किती वाजता उघडतेस?

मुलगी : सातला. का?

प्राध्यापक : मी येईन म्हणतो. खोकी बांधायला. जन्मभर दुसऱ्यांच्या दुकानांची कलमं लिहिली, आत कधी उभा राहिलो नाही.

मुलगी : या ना! पण गिऱ्हाइकांना कायदा शिकवायचा नाही. ही अट. लिहून देऊ?

प्राध्यापक : नको. तोंडी चालेल.