पुढच्या दाराचं हॉटेल

(मेम्फिस. रविवारची सकाळ. हॉटेल मार्शबँक्सची सामान वाहायची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकून पडली आहे. आत आर्कान्सातून आलेलं म्हातारं जोडपं, एझेल आणि क्लोटील टॉलिव्हर. लिफ्टच्या भिंतीतल्या जाळीतून खालच्या काउंटरवर बसलेल्या रोसाउराबाईंचा आवाज येतो.)

क्लोटील: ...छे छे, तशा लांबून नका बोलू, रोसाउराबाई. खुर्ची ओढा आणि त्या जाळीला कान लावून बसा. मिस्त्री येईपर्यंत तुम्हाला काम नाही न् मलाही नाही. एक गोष्ट सांगते. शहाणा माणूस दोन रात्रींसाठी हॉटेल कसं निवडतो, त्याची.

एझेल: क्लोटील.

क्लोटील: गोष्टीतला शहाणा माणूस माझ्या शेजारीच उभा आहे, टाय आवळून.

रोसाउरा: बसले बघा, मॅडम. पण घाबरू नका हं. मिस्त्री निघालाय. नदीपलीकडे राहतो, त्यात रविवार.

एझेल: किती वेळ?

रोसाउरा: निघालाय म्हणाला, सर. त्याचं 'निघालोय' म्हणजे... बूट शोधतोय.

एझेल: अकराला आमची नात उभी राहते. अकराला!

क्लोटील: ओरडू नको, त्यांनी नाही बिघडवली. ऐका बाई. आमची नात जॅनेसा. आज तिचं पहिलं प्रवचन. आमच्यात पहिलं प्रवचन म्हणजे परीक्षाच असते. सगळं चर्च बसून ऐकतं, पोरीच्या तोंडून देव बोलतो की पोरगी नुसतीच बोलते. महिन्यापासून ती सांगतेय, आजी, आजोबा, माझ्याकडे उतरा, मी खाली गादी टाकते. माझी सख्खी बहीण व्हॅश्टी इथंच राहते, त्याच चर्चची. ती म्हणते, माझी वरची खोली रिकामी आहे.

एझेल: व्हॅश्टीच्या घराला कुलूप नाही. तोंडालाही नाही.

क्लोटील: बरं, नको व्हॅश्टी. मी म्हटलं, हायवेवरचं ते मोटेल बघ. तळमजल्यावर खोली, दारासमोर गाडी, सकाळी फुकट वॉफल, चर्च दहा मिनिटांवर. तर हा काय म्हणतो? 'मार्शबँक्स स्वस्त पडतं, क्लोटील. म्हाताऱ्यांना सवलत आहे.'

रोसाउरा: सवलत? आमच्याकडे?

एझेल: फोनवर कुणीतरी म्हणालं होतं.

रोसाउरा: सर, फोन मीच उचलते.

क्लोटील: ऐकलंस? गाडी लावायचे पैसे वेगळे, नाश्ता नाही, नळाला गरम पाणी यायला अर्धं स्तोत्र गाऊन होतं. आणि आता सकाळी पुढची लिफ्ट बंद! एझेल टॉलिव्हर, बियांचं पाकीट घेताना चार दुकानं फिरणारा माणूस तू. इथं कुठली स्वस्ताई दिसली तुला?

एझेल: मी जिन्याने चल म्हणत होतो.

क्लोटील: माझे गुडघे काय तुझ्या खिशात ठेवून उतरू?

एझेल: म्हणून तर मागच्या लिफ्टनं आलो ना! तुझ्या गुडघ्यांसाठी आलो. नाहीतर या डब्यात पाय ठेवला नसता मी.

रोसाउरा: माझी चूक, सर. मीच मॅडमना म्हटलं, मागून सामानाची चालू आहे. जुनी आहे, पण चालते.

एझेल: जुनी आहे. हो.

क्लोटील: एझेल, तुला घाम किती आलाय! बस त्या खोक्यावर. कोट काढ.

एझेल: नको. डीकन आहे मी, चर्चचा मानकरी. दार उघडलं की सरळ पहिल्या बाकावर जाऊन बसायचंय.

क्लोटील: त्याचं कारण सांगते, बाई. जॅनेसा सात वर्षांची होती. ईस्टरचं भाषण होतं तिचं, चार ओळींचं. पिवळा झगा, हातात टोपली. दोन ओळी म्हटल्या आणि थिजली. लेकरू नुसतं बघत उभं. सगळं चर्च म्हणतंय, 'म्हण बाळा, म्हण!' त्याने ती आणखीच घाबरली. तेव्हा हा पहिल्या बाकावरून गुणगुणला. शब्द नाहीत, ओठ मिटलेले, नुसता हुंकार. आणि पोरीला तिसरी ओळ आठवली. तेव्हापासून ती काहीही म्हणायला उभी राहिली, की आधी पहिल्या बाकाकडे बघते.

रोसाउरा: आणि आज...

क्लोटील: आज बाक रिकामा आहे.

एझेल: मी शब्द दिलाय तिला. परवा फोनवर म्हणाली, 'आजोबा, मी अडले तर?' म्हटलं, मी तिथं असेन.

क्लोटील: भिंतीवर बोटं कसली वाजवतोयस? आणि डोळे का मिटलेस? एझेल, छातीत दुखतंय का?

एझेल: नाही.

क्लोटील: खरं सांग.

एझेल: नाही म्हटलं ना. इथं... इथं एक खिळा होता. वाकलेला. मी त्याला हात लावत बसायचो. अजून आहे.

क्लोटील: कधी बसायचास? काल तर आपण पुढच्या लिफ्टनं वर गेलो.

एझेल: रोसाउराबाई, मिस्त्री कुठवर आला?

रोसाउरा: पुलावर आहे म्हणतो.

क्लोटील: मिस्त्रीला पुलावर राहू दे. माझ्याकडे बघ. तू या लिफ्टमध्ये आधी कधी आला होतास?

एझेल: ...लहान होतो. बाबा इथल्या भटारखान्यात रताळी द्यायचे, मागच्या दारानं. पुढचं दार गोऱ्यांचं; आपलं काळं माणूस तिथून फक्त झाडू मारायला जायचं. त्या खेपेला आई बरोबर होती. तिला डॉक्टरला दाखवायचं होतं. डॉक्टर म्हणाला, उद्या सकाळी आणा. रात्रीपुरती जागा हवी होती, बस. आपली माणसं ठेवून घेणारी जी घरं होती, ती भरलेली. कसलीशी सभा होती गावात. आणि आईला उभं राहवेना.

क्लोटील: मग?

एझेल: इथला आचारी आपल्यातलाच. त्याने आम्हाला तिघांना या लिफ्टमध्ये घातलं आणि दोन मजल्यांच्या मध्ये नेऊन थांबवली. मुद्दाम. म्हणजे कुठल्याच दारातून कुणाला दिसायला नको. म्हणाला, पहाटे उतरवतो. पण पोराचा आवाज बाहेर आला, तर माझी नोकरी जाईल आणि तुमचं काय होईल ते मी सांगत नाही.

रोसाउरा: अगं माझे माय मारिया.

एझेल: आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. रात्रभर. मी रडायला लागलो की ती गुणगुणायची. ओठ मिटून. इतकं हळू, की कानाला नाही ऐकू यायचं. माझी पाठ तिच्या छातीला टेकलेली होती, त्या पाठीला कळायचं.

क्लोटील: तो हुंकार... तुझा...

एझेल: माझा कुठला. तिचा आहे.

क्लोटील: आणि ती?

एझेल: त्याच थंडीत गेली. म्हणून मनात होतं, एकदा पुढच्या दारानं आत जावं. काउंटरवर उभं राहून किल्ली मागावी. पांढऱ्या चादरीवर झोपावं, तिच्या वाटणीचं. तू मोटेल मोटेल करायला लागलीस, म्हणून सवलतीची थाप मारली.

क्लोटील: आणि झोपलास? नाही झोपलास. कूस बदलत होतास, मला वाटलं उशी टोचतेय. अरे माणसा, इतक्या वर्षांचा संसार आपला. एका बाकावर बसतो, एका ताटात जेवतो. मला का नाही सांगितलंस?

एझेल: तोंडावर हात होता, क्लोटील. अजून आहे.

क्लोटील: इकडे ये. माझी टोपी राहू दे, चुरगळली तर चुरगळू दे. इकडे ये.

रोसाउरा: सर... मॅडम... अकरा वाजले. तुमच्या चर्चचं नाव काय म्हणालात? काल मॅडम सांगत होत्या, मोबाइलवर दाखवतात म्हणून.

क्लोटील: न्यू कॅनन चर्च! दाखवतात, दर रविवारी. आमचे फोन इथं मेलेत, एक रेघ येत नाही.

रोसाउरा: माझा जिवंत आहे. थांबा... हे गाणं चाललंय. पांढऱ्या झग्यातल्या बायका. आता एक मुलगी उभी राहतेय, उंच, चष्मा...

क्लोटील: तीच! जाळीला लावा, बाई. अगदी टेकवून धरा.

जॅनेसा (फोनमधून): ...देवाची स्तुती असो. आजचा माझा विषय बायबलातली ती दासी आहे. घरातून हाकलून दिलेली. काखेत लेकरू, खांद्यावर पाण्याची कातडी पिशवी, आणि समोर नुसतं रान. पाणी संपलं. तिने लेकराला झुडपाखाली ठेवलं आणि लांब जाऊन बसली. कारण... कारण तिला...

क्लोटील: म्हण, बाळा.

जॅनेसा (फोनमधून): कारण... मला माफ करा. तिला...

रोसाउरा: थांबली. समोर बघतेय. खाली, पुढच्या बाकाकडे.

एझेल: उघडा ही लिफ्ट! कुणीतरी उघडा! जॅनेसा! अगं मी आहे इथं! ऐकतेय का ती?

रोसाउरा: सर, त्यांचं इकडे येतं. आपलं तिकडे जात नाही.

एझेल: पुन्हा तेच. पुन्हा याच भिंती न् तोंड बंद.

क्लोटील: थांब. थांब जरा. व्हॅश्टी!

एझेल: आता व्हॅश्टीचं काय?

क्लोटील: तिचा फोन! दर रविवारी प्रवचनाच्या ऐन रंगात वाजतो मेला. पास्टरनी व्यासपीठावरून नाव घेऊन सांगितलं, तरी ती बंद करत नाही. रोसाउराबाई, तुमच्या काउंटरवरच्या फोनवरून लावा. नंबर मला पाठ आहे, घ्या. नऊ शून्य एक, पाच पाच पाच, शून्य एक सात चार.

रोसाउरा: लागला. वाजतोय... अगंबाई, मोबाइलमध्येसुद्धा ऐकू येतोय वाजताना! सगळे वळून बघताहेत. एक बाई पर्समध्ये पार कोपरापर्यंत हात घालून...

क्लोटील: तीच माझी बहीण! देव तिचं भलं करो. तुमच्या फोनचा रिसीव्हर जाळीला लावा. व्हॅश्टी! ए व्हॅश्टी! 'कुठे आहात' विचारू नको, गप बस! फोन मोठ्या आवाजावर कर आणि वर धर. वर! उभी राहा बाकावर! लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. हं, एझेल, धरलाय तिने फोन.

एझेल: माझा आवाज निघत नाहीये गं.

क्लोटील: माझा हात धर. तो खिळाही धर हवा तर. शब्द नकोतच तुला. आईकडून आलंय ते, तसंच पुढे दे.

एझेल: हं... हंऽऽ... हंऽऽऽम्...

रोसाउरा: मुलीनं मान वर केली. ती... ती हसतेय, सर. चष्मा काढून डोळे पुसतेय.

जॅनेसा (फोनमधून): कारण आपलं लेकरू रडताना तिला ऐकवेना! हो की नाही?

क्लोटील: हो!

जॅनेसा (फोनमधून): पण कुणी ऐकलं? रानानं नाही ऐकलं! घरातल्यांनी नाही ऐकलं! त्या लेकराचा आवाज देवानं ऐकला, चर्च! ते पडलं होतं तिथून ऐकला! राजवाड्यात ये मग ऐकतो, असं नाही म्हणाला. पुढच्या बाकावर बस मग ऐकतो, असं नाही म्हणाला. जिथं टाकलंय तुला, तिथून ऐकतो मी!

क्लोटील: आमेन! सूर लागला, एझेल! पोरीला सूर लागला! बोलता बोलता गायला लागली!

एझेल: हंऽऽऽम्... सांग, बाळा! सांग त्यांना! हंऽऽऽ...

रोसाउरा: सगळं चर्च उभं राहिलंय. तुमची बहीण अजून बाकावरच आहे.

एझेल: गप. जरा गप. ऐका. मी थांबलोय, तरी कोण गुणगुणतंय?

रोसाउरा: सर, मोबाइलवर थोडं उशिरा येतं. तुम्ही मघाशी जे म्हटलं, ते आता तिकडून परत येतंय.

एझेल: क्लोटील. हा आवाज माझा वाटतो तुला?

क्लोटील: ...नाही.

एझेल: पाठीला कळतंय मला.

क्लोटील: रड. रड माझ्या राजा. मोठ्यानं रड. आता कुणाची नोकरी जात नाही.

रोसाउरा: मिस्त्री आला! धरा हं, हलेल. थोडा झटका बसेल... आली, आली खाली. सर, मागचं दार उघडू नका. आतला दरवाजा पुढच्या दालनात निघतो, मी उघडून उभी आहे. माझ्या बाजूनं या. टॅक्सी पुढच्या दाराशी बोलावलीय.

क्लोटील: चल. प्रवचन सरलं तरी आशीर्वादाला पोचू. ती टोपी दे माझी. काय दशा केलीस!

एझेल: रोसाउराबाई, हात द्या. तुमचे उपकार.

रोसाउरा: कसले हो उपकार. संध्याकाळी मी चर्चमध्ये मेणबत्ती लावते माझ्या माणसांसाठी. तुमच्या नातीसाठीही लावू एक?

एझेल: तिला आज मिळालं सगळं. लावणार असाल, तर माझ्या आईची आठवण काढा. ल्युव्हिनिया. ल्युव्हिनिया टॉलिव्हर. ती एक रात्र इथं राहून गेली, पण नाव तिचं कुणी विचारलं नव्हतं.